झबल्याआधी पाऊच

शिवणाच्या क्लासात सुरुवातीचे दिवस कागदावर टीप मारण्यात जातात आणि मग झबलं येतं. पाठोपाठ टोपडं, दुपटं, फ्रॉक, परकर आणि सर्वांत शेवटी ब्लाउज. हा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो बदलता येईल असं कुणाच्या मनातही येत नाही. त्यामागे विचार नव्हता असं नाही. घरात बाळ येणार, त्याला झबली लागणार, शिवाय झबल्याला माप नेमकं लागत नाही. दोन सूत इकडेतिकडे झालं तरी बाळ तक्रार करत नाही. पण सैल चालणाऱ्या वस्तूवर बसलेला हात पुढे बरेच दिवस सैलच राहतो. ब्लाउजच्या मुंढ्याशी आल्यावर अनेकजणी क्लास सोडतात, त्याचं कारण मला या पहिल्या धड्यात दिसतं. म्हणून पहिला धडा अस्तर लावलेल्या चेनच्या पाऊचचा असावा. चार आयत, एक चेन आणि सगळ्या सरळ टिपा, एवढाच त्याचा पसारा. पण त्यातली एक टीप जरी वाकडी गेली तरी चेन ओढताच ते कळतं.

हे लिहिताना तळवडे डोळ्यांसमोर आहे. इंद्रायणीकाठचं, देहूला लागून असलेलं हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज एका अंगाला आयटी पार्क आहे, दुसऱ्या अंगाला वर्कशॉपच्या शेड आहेत आणि मध्ये रुपीनगरसारखी दाट वस्ती. कामासाठी गाव सोडून आलेली असंख्य कुटुंबं या पट्ट्यात राहतात. लेथवर, प्रेसवर, असेंब्लीच्या लाइनवर काम करणाऱ्यांच्या घरात ‘जॉब’, ‘जिग’, ‘टॉलरन्स’ हे शब्द जेवताना सहज येतात. त्याच घरात भिंतीला लागून, वर कापड झाकलेलं शिवणयंत्र असतं. तेही नेमकेपणाचंच यंत्र आहे, पण त्याच्याकडे तसं क्वचितच पाहिलं जातं. फाटलेला गणवेश, उसवलेली पँट आणि साडीला फॉल, एवढ्यावर त्याची बोळवण होते.

खरं तर या यंत्राइतका मान फार थोड्या यंत्रांना मिळाला आहे. १८४६ साली एलियास होव यांनी दुहेरी दोऱ्याचा टाका घालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोन्ही कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी उभी चालणारी सुई आणि कापड दाबून धरणारा फूट असलेलं यंत्र आणलं, आणि एकोणिसावं शतक संपण्याआधी सिंगरची यंत्रं हिंदुस्थानात विकली जात होती. यंत्रयुगाबद्दल इतकं कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली ज्या मोजक्या यंत्रांना अपवाद केलं, त्यांत सिंगरचं शिवणयंत्र होतं. माणसाचे कष्ट हलके करतं आणि त्याचे हात निकामी करत नाही, म्हणून ते त्यांना मान्य होतं. १९३५ साली कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं ‘उषा’ आलं आणि पुढे देशी यंत्र मध्यमवर्गाच्या घरात पोचलं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनात स्त्रियांना शिवण शिकवलं जात होतं. विधवेला, टाकलेल्या बाईला चार पैसे हातात यावेत, ही त्यामागची तळमळ होती. शिवणाचा क्लास ही आपल्याकडे शतकभराची संस्था आहे, आणि म्हणूनच तिच्या अभ्यासक्रमाविषयी मनापासून बोललं पाहिजे.

चेनचा इतिहास यंत्राहून नवा आहे. १८९३ साली शिकागोत व्हिटकॉम्ब जडसन यांनी बूट बंद करायचं आकड्यांचं साधन काढलं. ते वारंवार अडकायचं आणि आपोआप उघडायचं. स्वीडनहून अमेरिकेत गेलेले गिडिऑन सुंडबॅक यांनी त्यावर काही वर्षं खर्च केली. त्यांनी दात लहान केले, दाटीने बसवले आणि प्रत्येक दाताला वर उंचवटा, खाली खळगा दिला. १९१३ साली तयार झालेली ही रचना आजच्या धातूच्या चेनमध्ये जवळजवळ तशीच आहे. चेन उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रनरच्या पोटात इंग्रजी वायसारखी वाट असते. वर ओढला की दोन बाजू एका कोनात जवळ येतात आणि दात एकमेकांत बसतात. खाली ओढला की मधली पाचर त्यांना वेगळं करते. रनर झिजून सैल झाला की दात जुळत नाहीत. आपण म्हणतो चेन बिघडली, प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त रनर बदलायचा असतो.

चेन येण्याआधी मराठी माणसाकडे पिशव्यांची वाण नव्हती. कमरेचा कसा होता, नाडीने आवळायचा बटवा होता, पडशी होती. या सगळ्यांत चंची मला सर्वांत हुशारीची वाटते. कापडाची लांबट पट्टी, तिला कप्पे, पानाला एक, सुपारीला एक, कात-तंबाखूला वेगळा, आणि गुंडाळून वर दोरी. चंची शिवणाऱ्या हाताला आत-बाहेरचं भान पक्कं होतं, कारण कप्प्याची कच्ची कड कुठेही दिसू द्यायची नसे. पाऊच त्याच भानाची परीक्षा घेतो. तो पूर्ण उलटा शिवायचा असतो आणि अगदी शेवटी एका भोकातून सुलट करायचा असतो. हातात असताना तो कशासारखाच दिसत नाही. नवशिकीला इथेच धीर धरावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम. बाहेरच्या कापडाचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे घ्यावेत, प्रत्येक दहा इंच रुंद आणि सात इंच उंच. बाहेरून जाड सुती कापड उत्तम. खण देखणा दिसतो, पण त्याचे धागे भराभर सुटतात, म्हणून त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावून मगच कापावा. अस्तरासाठी दुकानात जायची गरज नाही. मराठी घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसची चळत असतेच, जी एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहते. ३६ इंच पन्ह्याच्या ८० सेंटिमीटर ब्लाउजपीसमधून असे १२ तुकडे सहज निघतात, म्हणजे सहा पाऊचचं अस्तर. कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. अस्तर आणि बाहेरचं कापड वेगवेगळं आटलं तर पहिल्या धुण्यातच पाऊच सुरकुततो.

चेन नायलॉनची घ्यावी, तीन किंवा पाच नंबरची. हा नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. धातूच्या दातांवर सुई आपटली की मोडते, नायलॉनवरून ती सहज जाते. लांबी मात्र बारा इंच, म्हणजे कापडापेक्षा दोन इंच जास्त. ही जास्तीची लांबी नवशिकीचा मोठा त्रास वाचवते. दहा इंची तुकड्याला दहा इंचीच चेन लावली की टीप रनरपाशी येऊन अडते, तिथे सुई कापडात ठेवून, फूट उचलून, रनर मागे सरकवावा लागतो आणि नेमकी तिथेच टीप वाकडी होते. चेन लांब असली की रनर कापडाच्या बाहेर ठेवता येतो आणि टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जाते.

बाहेरचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवायचा. त्याच्या वरच्या कडेवर चेन पालथी ठेवायची, म्हणजे रनर कापडाकडे तोंड करून राहील. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. तिन्ही कडा एका रेषेत आणून धावदोरा घालावा. टाचण्या लावून भागतं, पण पहिल्या वेळी धावदोराच घालावा, कारण तीन थर दातेरी पट्टीवर सरकतात आणि ते सरकणं मशीनखाली गेल्यावरच दिसतं. यंत्राला एका बाजूचा, चेनसाठीचा फूट लावावा. साध्या फुटाचं दुसरं पान दातांवर चढतं आणि टीप बाहेर ढकलतं. सुई चौदा नंबरची. कडेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंचावर टीप. दातांच्या याहून जवळ गेलं तर रनर अस्तराला घासून अडकतो, दातांपासून याहून लांब गेलं तर टीप सुटायची भीती. ज्यांच्या घरात कुणी वर्कशॉपमध्ये काम करतं, त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे चार थर लावून घ्यावेत. कापडाची कड त्या पायरीला टेकवत न्यायची. जिग म्हणतात तो हाच.

पायाचं यंत्र असेल तर एक गोष्ट आधी साधली पाहिजे. चाक आपल्या दिशेने फिरलं पाहिजे. पाय उलटा पडला की चाक मागे फिरतं, दोरा तुटतो आणि दोष यंत्राला दिला जातो. सुरुवातीला दोरा न ओवता, रिकाम्या यंत्रावर पाय चालवायचा सराव करावा.

टीप झाली की दोन्ही कापडं चेनपासून दूर उलटवून इस्त्री करायची आणि चेनच्या कडेने वरून एक टीप मारायची. ही टीप आळसाने गाळली जाते, आणि पुढे आयुष्यभर अस्तर चेनमध्ये अडकत राहतं. मग हेच सगळं चेनच्या दुसऱ्या बाजूला, उरलेल्या दोन तुकड्यांसह.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. रनर ओढून कापडाच्या मधोमध आणायचा. चेनची उघडी राहिलेली दोन टोकं हातटाक्याने एकत्र बांधायची. हे विसरून बाजू शिवल्या आणि जास्तीची चेन कापली, तर रनर कापलेल्या तुकड्याबरोबर जातो. रनर आत पण चेन बंद राहिली, तर पाऊच सुलट करायला वाटच उरत नाही. दोन्ही चुकांना टीप उसवण्याखेरीज इलाज नाही.

आता बाहेरचे दोन तुकडे एकमेकांसमोर, अस्तराचे दोन एकमेकांसमोर, सुलट बाजू आत. चेनचे दात अस्तराकडे झुकवून धरायचे, म्हणजे तयार पाऊचचे वरचे कोपरे दबत नाहीत. चारी बाजूंनी टीप घालायची, बाहेरच्या कापडाला कडेपासून तीन सूत, अस्तराला चार. अस्तर एका सुताने लहान झालं की ते आत गोळा होत नाही, अंगासरशी बसतं. अनुभवी शिंपी हे न सांगता करतो, क्लासात मात्र ते बोलून सांगितलं पाहिजे. अस्तराच्या तळाशी तीन इंच जागा उघडी सोडायची. चेनवरून टीप जाताना हाताने चाक फिरवावं आणि तिथे पुढे-मागे करून टीप पक्की करावी. मग जास्तीची चेन कापावी, कोपरे टिपेला धक्का न लावता तिरके छाटावेत आणि त्या तीन इंचांतून सगळा पाऊच बाहेर ओढून घ्यावा. कोपरे बोथट काडीने ढकलायचे, कात्रीच्या टोकाने ढकलले तर भोक पडतं. उघडी जागा शिवली, अस्तर आत सारलं, की आतून-बाहेरून कुठेही कच्ची कड नसलेली वस्तू हातात येते. परकर शिवून हे समाधान मिळत नाही, कारण परकराची आतली बाजू कुणी पाहत नाही.

या वस्तूला गिऱ्हाईक शोधायला तळवड्याबाहेर जावं लागत नाही. आयटी पार्कमधल्या प्रत्येक बॅगेत चार्जर आणि वायरींचा गुंता असतो. शाळेला कंपास, प्रवासाला औषधं, देहूहून पालखीबरोबर निघणाऱ्याला पैसे, फोन आणि कागद पावसाधुळीपासून जपायचे असतात. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर अनेक बचत गटांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. पण साधी पिशवी कुणीही शिवतं, त्यामुळे तिचा दर फारसा चढत नाही. सफाईने बसवलेली चेन आणि अस्तर सगळ्यांना जमत नाही, त्याचे पैसे मागता येतात. बचत गटांच्या मालासाठी महापालिका पवनाथडी जत्रा भरवते. तिथे गिऱ्हाईक पाऊच उचलतं तेव्हा पहिल्यांदा चेन दोनदा उघडून-मिटून बघतं आणि मग आत बोट घालून अस्तर चाचपतं. विक्री तिथेच ठरते.

कामाचा विषय निघाला की तळवड्यातली ८ डिसेंबर २०२३ची दुपार आठवल्यावाचून राहत नाही. वाढदिवसाच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका बेकायदा कारखान्याला आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, घराला हातभार लावायला रोजंदारीवर गेलेल्या. शिवणयंत्र हे त्याचं उत्तर आहे असं म्हणणं त्यांच्या मरणाचा अपमान ठरेल, सुरक्षित कारखाना हा त्यांचा हक्कच होता. तरीही या वस्तीत बाईच्या वाट्याला कोणतं काम येतं आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्या दिवसानंतर बाजूला ठेवता येत नाही. घरच्या यंत्रावर स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या दराने करता येणारं काम जितक्या जणींच्या हाती येईल तितकं चांगलं, आणि ते लवकर हाती यावं. झबल्यापासून ब्लाउजपर्यंत पोचायला सहा महिने लागतात. विकण्याजोगा पाऊच महिन्याभरात जमू शकतो.

म्हणून तळवडे, चिखली, निगडी, चाकणला शिवणाचे क्लास चालवणाऱ्या सर्व ताईंना विनंती आहे. येत्या बॅचला कागदावरची टीप झाली की झबल्याचा कागद बाजूला ठेवा आणि दहा बाय सातचे चार तुकडे कापायला सांगा. चेन बारा इंचीच आणायला सांगा. पहिला पाऊच बिघडला तर उसवून त्याच कापडाचा पुन्हा शिवून घ्या, आणि तो जमल्याशिवाय झबल्याकडे जाऊ नका.