कॅमेऱ्याला पांढरा रंग शिकवा!

एक सोपा प्रयोग करून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास पांढरा सदरा घातलेल्या मित्राला शाळेच्या पटांगणात उन्हात उभे करा. मग त्याला इमारतीच्या सावलीत चालत जायला सांगा. सदऱ्याचा रंग बदलला का? "छे! पांढरा तो पांढराच," असे तुम्ही म्हणाल. आता हेच दृश्य व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपा. मात्र कॅमेऱ्यातील प्रकाशाची निवड 'ऊन' या खुणेवर पक्की करून ठेवा. सावलीत शिरताच सदरा निळसर झालेला दिसेल! मग खोटे कोण बोलते, डोळा की कॅमेरा?

खरे सांगायचे तर कॅमेरा बरोबर आहे. सावलीतल्या सदऱ्यावर थेट ऊन पडत नाही. पडतो तो मुख्यत: निळ्या आकाशाचा प्रकाश. सूर्यकिरण वातावरणातून येताना हवेचे रेणू ते विखुरतात. तरंगलांबी जितकी कमी, तितके विखुरणे जास्त, आणि तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात! ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सुमारे सव्वाचार पट अधिक विखुरतो. म्हणून आकाश निळे आणि सावलीतला प्रकाशही निळसर. आपला मेंदू मात्र मोठा हुशार. आसपासच्या प्रकाशाचा अंदाज घेऊन तो ही निळाई मनातल्या मनात वजा करतो. कॅमेऱ्याला असा मेंदू नाही. त्याला ही वजाबाकी शिकवावी लागते.

प्रकाशाचा हा रंग मोजायचा कसा? लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिले असेल. आधी ते लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे. तापमान वाढते तसा रंग बदलतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाचा रंग 'रंग-तापमाना'ने सांगतात आणि ते केल्व्हिन या एककात मोजतात. जुन्या काचेच्या दिव्याचा पिवळट प्रकाश सुमारे २८०० केल्व्हिन, दुपारचे ऊन सुमारे ५५००, ढगाळ आकाश सुमारे ६५००, तर निरभ्र आकाशाखालची सावली ८००० च्याही वर जाते. याचा अर्थ सावली तापलेली असते असा नव्हे! तेवढ्या तापलेल्या वस्तूचा प्रकाश त्या रंगाचा दिसेल, एवढाच त्याचा अर्थ.

आता कॅमेऱ्याच्या आत डोकावू. भिंगामागे लाखो सूक्ष्म प्रकाशग्राहकांची जाळी असते. त्यांना फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते; रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी सुचवली आणि १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिच्यातील निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण बारीक तपशील ओळखताना आपल्या डोळ्याला हिरव्या प्रकाशाची मदत अधिक होते.

समजा, सावलीतल्या पांढऱ्या कागदाचे मापन कॅमेऱ्याने असे केले : तांबडा १६०, हिरवा २००, निळा २५०. पांढऱ्या वस्तूचे तिन्ही आकडे सारखे हवेत. मग तांबड्याला १.२५ ने आणि निळ्याला ०.८ ने गुणा. झाले की नाही तिन्ही २००? आता चित्रातील प्रत्येक बिंदूला हेच गुणाकार लावले, की सगळ्या दृश्यातली निळाई निघून जाते. यालाच 'श्वेत-संतुलन' म्हणतात.

"पण कॅमेरा हे आपोआप करतो ना?" असे तुम्ही विचाराल. करतो, पण अंदाजाने. एक जुनी आणि सोपी रीत अशी, की साऱ्या दृश्यातील रंगांची सरासरी करडी यावी असे गृहीत धरायचे. आता असा कॅमेरा भाताच्या हिरव्यागार शेतासमोर धरा. त्याला वाटते, "प्रकाशच हिरवा दिसतो!" तो हिरवा कमी करतो आणि शेत मलूल दिसू लागते. झेंडूच्या मळ्यात हाच कॅमेरा निळा रंग वाढवतो. नवे कॅमेरे याहून चतुर असले, तरी एकाच रंगाने भरलेले दृश्य त्यांनाही चकवू शकते.

यात एवढे बिघडले कुठे? समजा, गावाकडचे काका भाताच्या पानांचे चित्रण करून कृषितज्ज्ञांना पाठवतात. पान फिकट पिवळट असेल तर पिकाला नत्र कमी पडते आहे, असा अंदाज करतात. चित्रण संध्याकाळच्या तांबूस उन्हात केले असेल, तर निरोगी पानही पिवळट दिसेल. मग नको असताना युरिया पडायचा! नत्र जादा झाले की पीक लोळते, करपा आणि तुडतुडे यांचे फावते, पैसा जातो तो वेगळाच. म्हणूनच हिरव्या छटांच्या तक्त्याशी भाताचे पान ताडून पाहताना त्यावर आपल्या अंगाची सावली पाडावी, असे शेतकऱ्यांना सांगतात. उजेड दरवेळी सारखा हवा, हेच त्यातले मर्म.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही या रंगाने चकवले आहे. जुलै १९७६ मध्ये 'व्हायकिंग-१' यान मंगळावर उतरले. त्याच्या पहिल्या रंगीत चित्रात मंगळाचे आकाश चक्क निळसर दिसले! पुढे रंगांची नीट दुरुस्ती केल्यावर ते गुलाबीसर आहे हे उघड झाले. यानावर रंग पडताळण्याच्या पट्ट्या मुद्दाम बसवलेल्या होत्या, त्या अशा वेळी कामी येतात.

तुम्हीही ही युक्ती वापरा. छायाचित्रणाच्या दुकानात मिळणारा करडा पत्रा घ्या. नसेल तर साधा, न चकाकणारा पांढरा कागद चालेल. मात्र पुष्कळ कागदांत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असतात; ती उन्हातील अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात आणि मापन किंचित चुकवतात. ज्या वस्तूचे चित्रण करायचे, तिच्याच जागी आणि तिच्याच उजेडात कागद धरा. चित्र त्याने भरून टाका आणि श्वेत-संतुलनाचे बटन दाबा. उजेड इतका बेताचा ठेवा, की कागद नुसता पांढराफट्ट दिसू नये; कारण तिन्ही आकडे कमाल मर्यादेला टेकले तर त्यांतला फरकच हरवतो. ढग आला, जागा बदलली, की पुन्हा माप घ्या. झाडाखाली मात्र जपून! तिथे कवडसे एका रंगाचे, सावली दुसऱ्या रंगाची आणि पानांतून गाळून आलेला प्रकाश तिसऱ्याच रंगाचा. एकच संतुलन तिघांना पुरत नाही. शेवटी एकदा तो कागदही चित्रणात दाखवून ठेवा. रंग चुकलाच, तर नंतर संगणकावर त्याच्या आधाराने दुरुस्त करता येईल.

पुढच्या खेपेस कॅमेरा हातात घ्याल तेव्हा आधी प्रकाशाकडे पाहा, मग वस्तूकडे. आपल्याला दिसतो तो नुसता वस्तूचा रंग नसतो. तो वस्तू आणि प्रकाश या दोघांचा मिळून झालेला असतो. मग करणार ना पटांगणातला तो प्रयोग?