कळप विरळ होतो तेव्हा

सातपुड्याची रांग मेळघाटात अजून दाट आहे. पश्चिमेला अक्कलकुव्यापर्यंत येता येता तिच्या अंगावरचं रान उतरत जातं. देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघालं की साग, सालई, मोहाची झाडं, मध्येच उघडे पडलेले उतार आणि टेकड्यांवर विखुरलेले पाडे दिसतात. गेल्या साठेक वर्षांत इथे दोन गोष्टी बरोबरीनेच घडल्या. प्राणी कळपाने का राहतात, एकमेकांना जगायला कशी मदत करतात, हे याच काळात आपल्याला नीट कळू लागलं. आणि कळपांना लागणारं रान याच काळात तुटलं, जळलं, बुडालं. या काळाचा मागोवा घ्यायचा तर दोन्ही गोष्टी एकत्रच पाहायला हव्यात.

मराठी वाचकाची कळपाशी खरी ओळख करून दिली ती वानरांनी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारु सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. बाहेरचा हुप्प्या टोळीवर चालून येतो, जुन्या नराला हुसकावतो आणि अंगावर पिणाऱ्या पिलांना मारतो, ही त्यांची निरीक्षणं जगभर गाजली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांचं हेच जग आलं, १९८३ साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक थोरच आहे. पण टोळी म्हटलं की आपल्याला आठवते ती मारामारी, आणि टोळीचे बाकीचे दिवस कसे जातात तिकडे लक्ष जात नाही.

ते दिवस पाहिले होते फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने, सुगियामांच्याही आधी. वानरिणीचं पिलू जन्मतं तेव्हा काळसर असतं, चेहरा गुलाबी. पहिल्याच दिवशी टोळीतल्या दुसऱ्या माद्या ते मागायला येतात. एक जण हात लांब करून ओढून घेते, छातीशी धरते, उलटंसुलटं करून चाटते. ते किंचाळलं की तिसरी काढून घेते. आई तेवढ्यात पोटभर पाला खाते. दूध पाजणाऱ्या मादीला हा मोकळा वेळ फार मोलाचा, आणि तरण्या माद्यांना पिलू सांभाळायचा सराव होतो. बिबट्या दिसला की उंचावरचं वानर खाकरतं आणि खाली उतरलेली टोळी क्षणात झाडावर जाते. तो इशारा चितळही ऐकतात, जंगलात चालणारी माणसंही ऐकतात. सत्ता बदलायला एक दिवस पुरतो. टोळी तगते ती या रोजच्या देवघेवीवर.

सातभाईंचं तसंच. ओसाड माळावर, आंब्याखालच्या पाचोळ्यात, पाड्याच्या उकिरड्यावर ते दिसतातच. सहासात पाखरं पानं उलटीपालटी करत असतात आणि एखादं वर फांदीवर बसून आभाळाकडे पाहत असतं. शिक्रा दिसताच ते ओरडतं. घरट्यातल्या पिलांना आईबापांखेरीज बाकीचेही भरवतात. ही कुटुंबं बहुधा नात्यातलीच, म्हणून ‘भावंडांत आपलंच रक्त’ असा अशा मदतीचा हिशेब १९६४ साली जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी मांडला. पुढे इस्रायलमधल्या सातभाईंच्या भाईबंदांवर आयुष्यभर काम करणारे आमोत्झ झहावी म्हणाले की पहारा देणं हा मानाचा प्रश्न आहे, त्यासाठी पाखरं एकमेकांशी स्पर्धा करतात. मला दोन्ही खरं वाटतं. पहारेकऱ्याचा हेतू काहीही असो, खालच्यांचा जीव वाचतो.

या भरवण्यात एक दुबळी जागाही आहे. मृगाच्या आधी ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा आणि त्याचा नातलग चातक, दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. मग सगळा गट त्या परक्या पिलाला भरवत राहतो. एवढं नुकसान सोसूनही ही पद्धत मोडलेली नाही, यावरून तिचा फायदा किती मोठा असेल ते कळतं.

१९७०च्या दशकात पक्ष्यांच्या रातथाऱ्यांवर वाद चालू होता. झहावी आणि त्यांचे सहकारी वॉर्ड म्हणत होते की चारा कुठे आहे ते एकमेकांकडून कळावं म्हणून पक्षी एकत्र रात्र काढतात. माधव गाडगीळांचा भर शत्रूपासून होणाऱ्या बचावावर होता. गाडगीळ आणि सालिम अली यांनी १९७५ साली भारतीय पक्ष्यांच्या रातथाऱ्यांवर मिळून एक लेख लिहिला. वाद चालू असताना आपल्या डोक्यावरच्या आभाळात एकमेकांकडून खबर घेण्याचं ठळक उदाहरण घिरट्या घालत होतं: गिधाड.

गिधाड एकट्याने ढोर शोधत नाही. प्रत्येक जण आपापल्या पट्ट्यावर नजर ठेवतो आणि एक डोळा शेजारच्यावर ठेवतो. एक खाली उतरू लागला की शेजारचा त्याच्याकडे वळतो, त्याला पाहून त्याच्या पलीकडचा, आणि मैलोन् मैल दूरच्या पक्ष्याला न दिसलेल्या ढोराची खबर लागते. गावाबाहेर टाकलेलं जनावर तासाभरात हाडांवर येई ते यामुळे. मग गुरांना सूज-दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचू लागले. औषध अंगात असलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होई. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकामध्येही हे औषध पुरेसं होतं, कारण एका ढोरावर दूरदूरचे पक्षी जमत. ज्या साखळीने त्यांना हजारो वर्षं जगवलं तिनेच विष वाटलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादं उरलं. २००४ साली कारण सापडलं, २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, त्या २०१५ साली बंद झाल्या.

तरीही गिधाडं पूर्वीसारखी परतलेली नाहीत. वर्षाला एकच अंडं, हे एक कारण. दुसरं मला जास्त अस्वस्थ करतं. आभाळात दोनचारच पक्षी असले की शेजारी राहत नाही, आणि शेजारी नसेल तर खबरही नाही. शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर ॲली यांनी १९३०च्या दशकात ही गोष्ट साध्या प्रयोगाने दाखवली होती. चांदीचं विष मिसळलेल्या पाण्यात एकटा सोनमासा लवकर मरतो; तेवढ्याच पाण्यात दहा असले तर प्रत्येक जण जास्त वेळ टिकतो, कारण सगळ्यांच्या अंगचा बुळबुळीत स्राव मिळून विष निष्प्रभ करतो. मदत वेगळी करावी लागत नाही, संख्या हीच मदत असते. म्हणून कळप निम्मा झाला की मदत निम्मी होते असं नाही. एका हद्दीखाली ती थांबतेच.

गिधाडं संपत होती त्या १९९०च्या दशकात अक्कलकुव्यापासून जवळच शहाद्याला उलट घडलं. १८८४ नंतर खात्रीने कुणाला न दिसलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना सापडला. तो जोडीने राहतो. ढोली असलेली जुनी झाडं आणि थोडं मोकळं रान, एवढ्यावर त्याने शंभराहून जास्त वर्षं काढली. त्याच काळात लाखोंनी असलेली गिधाडं डोळ्यांदेखत गेली. गर्दीने राहणारा प्राणी सुरक्षित आहे, हा समज या दोन पक्ष्यांनी मोडला. मुबलक दिसणाऱ्याची काळजी करायला आपण उशीर करतो.

आता रानाची गोष्ट. अक्कलकुव्याच्या उत्तर टोकाला मणिबेली. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात आधी या गावात शिरलं, १९९३पासून. नर्मदेच्या काठची झाडं त्यात गेली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचं जंगलही गेलं. नाइलाजाने आलेल्या त्या कुटुंबांकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे. पण वानरांची टोळी झाडावरून झाडावर जाते, आणि जंगलाचे तुकडे झाले की टोळ्यांचेही तुकडे होतात.

मला आज सगळ्यात जास्त काळजी आग्यामोहोळाची वाटते. उंच सावरीच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीखाली प्रत्येक वसाहतीचं एकच पोळं लटकतं, उघड्यावर, हातभर रुंद. त्यावर माश्यांचे थरावर थर असतात आणि आतल्या अळ्यांची ऊब तेच राखतात. गांधीलमाशी जवळ आली की बाहेरच्या थरातल्या माश्या एकामागून एक पोटाचा भाग वर उचलतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पोळ्यावरून एक काळी लाट सरकते. गांधीलमाशी मागे फिरते. गेराल्ड कास्टबर्गर यांनी नेपाळात चित्रीकरण करून २००८ साली हे सिद्ध केलं. एका माशीच्या हालचालीला काही अर्थ नाही. लाट उठायला शेकडो हव्यात. हंगाम संपला की वसाहत दूर निघून जाते आणि पुढल्या वर्षी बरेचदा त्याच झाडावर पोळी लागतात. ते झाड तोडलं तर कितीतरी वसाहतींचा ठिकाणा जातो.

मध काढायची जुनी रीत मशालीची आहे. त्यात माश्या जळतात, अळ्या पिळल्या जातात, वसाहत संपते. खरं तर मध असतो पोळ्याच्या वरच्या जाड कोपऱ्यात. अंडी-अळ्या त्याच्या खाली. अंगरखा आणि जाळी घालून, नुसत्या धुराने माश्या बाजूला सारून तेवढाच कोपरा कापला तर पोळं टिकतं आणि त्याच मोसमात पुन्हा मध भरतं. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने विदर्भात मध काढणाऱ्यांना ही रीत शिकवली आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात मध हे गौण वनोपज आहे, ते गोळा करण्याचा हक्क गावाचा आहे, आणि कलम ५ने जंगल व वन्यजीव राखण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत. अक्कलकुवा-धडगाव भागातल्या अनेक गावांकडे सामूहिक हक्काचे दावे मंजूर होऊन आलेत. मशाल बंद, मोहोळ लागणाऱ्या सावरी राखायच्या, वणवा लावायचा नाही, असा ठराव करायला या गावांना दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही. काठी गावची होळी झाली की मध काढायचे दिवस येतात. ठराव त्याच्या आधीच्या ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे.