जन्मठेप, अभिवचन आणि वार्धक्य : काही संज्ञांचा विचार

गाजलेल्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा बंदी साठी-सत्तरी ओलांडून गेल्यावर त्याला मुक्त करावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार उपस्थित होतो. प्रश्न मुख्यतः दंडनीतीचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, या वादात जी कटुता दिसते तिचा बराचसा भाग मतभेदातून नव्हे, तर संज्ञांच्या घोटाळ्यातून उत्पन्न होतो. 'जन्मठेप म्हणजे किती वर्षे?' असे विचारले असता वणीच्या बाजारपेठेत 'चौदा वर्षे' हे उत्तर जितक्या सहजतेने मिळेल, तितक्याच सहजतेने ते नाशिकच्या सुशिक्षितांकडूनही मिळेल. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे. परंतु ते निराधार नाही. त्याचा आधार कोठे आहे आणि चूक कोठे आहे, हे पाहिल्यावाचून मूळ प्रश्नाचा विचार नीट करता येणार नाही.

प्रथम 'पॅरोल' हा शब्द घेऊ. तो मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ 'उक्ती, दिलेला शब्द'. सोस्यूरच्या विवेचनात भाषाव्यवस्थेहून वेगळा काढलेला व्यक्तीचा भाषिक व्यवहार म्हणजे हीच 'पॅरोल', हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. युद्धकैद्याने पळून न जाण्याचे वा पुन्हा शस्त्र न धरण्याचे वचन द्यावे आणि त्या वचनावर त्याला मोकळे सोडावे, या प्रघातातून तो दंडविधीत आला. महाराष्ट्राच्या कारागृह प्रशासनाने त्याला 'अभिवचन रजा' असा प्रतिशब्द योजला आहे आणि तो अत्यंत समर्पक आहे. त्याच्या जोडीचा 'फर्लो' हा शब्द डच भाषेतून इंग्रजीमार्गे आला. त्याला 'संचित रजा' म्हणतात. दोन्ही रजांचे नियमन मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांनी होत आले असून त्यांत पुढे अनेकदा सुधारणा झाल्या आहेत. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, तुरुंगवासाचा एकसुरीपणा मोडावा व कुटुंबाशी धागा राहावा म्हणून मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा आजार, मृत्यू यांसारख्या विशिष्ट निकडीसाठी मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्ही प्रकारांत बंदी परत येतो. शिक्षा संपत नाही.

शिक्षा आटोपती घेणारी गोष्ट तिसरीच आहे. तिला 'शिक्षेत सूट' अथवा 'मुदतपूर्व सुटका' म्हणतात आणि तिचा अधिकार शासनाचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६९ च्या मॅन्सन टोळीच्या हत्याकांडातील लेस्ली व्हॅन हाउटन ही स्त्री २०२३ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, पॅरोलवर बाहेर आली. तेथे पॅरोल म्हणजे देखरेखीखालील सशर्त सुटका. तीत तुरुंगात परतण्याचा दिवस ठरलेला नसतो. शब्द एकच, संस्था दोन. आपली वृत्तपत्रे एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात आणि वाचक रजेला सुटका व सुटकेला रजा समजून संतापतो किंवा निश्चिंत होतो.

आता 'जन्मठेप'. शब्दाची घडण पाहता आयुष्यभराची शिक्षा हाच अर्थ निघतो. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात मराठीने या शब्दाला प्रारंभापासून संख्यावाचक विशेषण लावले आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे वध झाला. त्यानंतरच्या खटल्यांत विनायक दामोदर सावरकर यांना दोन जन्मठेपी झाल्या; त्यांतील दुसरी या हत्येस साहाय्य केल्याबद्दल होती. दोन्ही मिळून ५० वर्षे असा हिशेब झाला. मनुष्याला जन्म एकच असता 'दोन जन्मठेपी' हा प्रयोग अर्थदृष्ट्या तेव्हाच संभवतो, जेव्हा 'जन्म' हे आयुष्याचे नव्हे, तर २५ वर्षांच्या एका मापाचे नाव होते. पुढे १९२४ साली त्यांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर कारागृहातून सोडण्यात आले आणि ती बंधने १९३७ साली उठली. शब्दाच्या लौकिक अर्थाची ही परंपरा लक्षात घेतली म्हणजे लोकांनी 'जन्मठेप' हे काळाचे माप मानले, यात त्यांचा फारसा दोष दिसत नाही.

स्वतंत्र भारतात या संदिग्धतेचा निर्णय लागला तो गांधी-हत्या खटल्यातील एका बंद्याच्या अर्जावर. गोपाळ विनायक गोडसे यांना १९४९ साली जन्मठेप झाली आणि मे १९५० मध्ये त्यांना नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात आणण्यात आले. सप्टेंबर १९६० अखेर त्यांच्या खात्यावर वर्तणूक, शारीरिक शिक्षण, अभ्यास इत्यादी सदरांखाली एकूण २८९३ दिवसांची सूट जमा झाली होती. भोगलेली शिक्षा व ही सूट यांची बेरीज २० वर्षांहून अधिक होते, सबब आपण मुक्त झालो, असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो अमान्य केला. जन्मठेप म्हणजे बंद्याचे उरलेले संपूर्ण आयुष्य. २० वर्षांचा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी आहे. सूट देऊन सोडावयाचे की नाही, हे शासनाने ठरवावयाचे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. शासनाने त्यांना ऑक्टोबर १९६४ मध्ये सोडले. त्यानंतर पुण्यात झालेल्या सत्कारसमारंभाने मोठे वादळ उठले, त्यांना भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले आणि हत्येच्या कटाची पूर्वकल्पना कोणाला होती याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. सुटका कायदेशीर असली तरी समाजाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा लागू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

मग 'चौदा वर्षे' कोठून आली? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालण्यात आले. ज्या गुन्ह्यास देहान्त शासनही होऊ शकते अशा गुन्ह्याबद्दल जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्यावाचून सूट देऊन सोडता येणार नाही, असे ते कलम सांगते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४७५ मध्ये आहे. अर्थात १४ वर्षे ही किमान मर्यादा आहे. लोकांनी ती कमाल मर्यादा मानली. 'याआधी नाही' या विधानाचे 'यानंतर नक्की' असे रूपांतर होणे, ही निषेधवाचक विधानांच्या बाबतीत नेहमी आढळणारी गोष्ट आहे. विधिमंडळालाही शब्दावर विसंबता आले नाही. २०१३ साली बलात्कारविषयक काही कलमांत 'आजन्म कारावास' या पदापुढे 'म्हणजे त्या व्यक्तीचे उर्वरित नैसर्गिक आयुष्य' असा खुलासा जोडावा लागला. ज्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने १९६१ सालीच सांगितला होता, त्याला बावन्न वर्षांनी टीप द्यावी लागावी, यावरून लौकिक अर्थाचे बळ ध्यानात येते.

तिसरा शब्द 'गाजलेला'. संस्कृत 'गर्ज्' या धातूपासून आलेले 'गाजणे' हे मूलतः ध्वनीचे क्रियापद आहे. खून गाजतो म्हणजे त्याचा आवाज समाजात घुमत राहतो. हा गुण समाजाच्या स्मृतीचा आहे. कृत्याच्या क्रौर्याशी त्याचा संबंध असतो, पण नेहमी असतोच असे नाही. कोल्हापूरच्या न्यायालयात बालहत्यांबद्दल देहान्त शासन झालेल्या रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींचे प्रकरण क्रौर्यामुळेच गाजले. त्यांचे दयेचे अर्ज निकाली काढण्यात झालेल्या अक्षम्य विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. मात्र त्यांना सोडून देण्याची विनंती मान्य केली नाही. गाजावाजा सोडण्याच्या विरुद्ध पुरेसे कारण नाही. आणि काळ लोटला हेही सोडण्याच्या बाजूने पुरेसे कारण नाही.

राहिला 'वृद्ध' हा शब्द. महाराष्ट्र शासनाने २००६ साली ६५ वर्षांवरील दुर्बल बंद्यांस मुदतपूर्व सुटकेची सवलत देणारे परिपत्रक काढले. पुढे संघटित गुन्हेगारी कायद्याखालील दोषींना ती मिळणार नाही, अशी सुधारणा झाली. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल २०१२ साली जन्मठेप झालेले अरुण गवळी यांनी मूळ परिपत्रकाचा लाभ मागितला. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये तो दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, १७ वर्षांहून अधिक तुरुंगवास व ७६ वर्षांचे वय ध्यानी घेऊन, त्यांना जामीन दिला. येथे वार्धक्य म्हणजे वय, दुर्बलता की दोन्ही, आणि कोणत्या तारखेचे धोरण लागू, असे प्रश्न निघाले. शिक्षा झाली त्या दिवशीचे धोरण लागू करावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. त्याचे मर्म असे की, धोरण हेही शासनाने दिलेले एक अभिवचनच होय.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे दुबळे नाही. मुंबईतील एका तरुण वकील स्त्रीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा बंदी २०१६ साली नाशिकरोड कारागृहातून पॅरोलवर सुटला, परतलाच नाही आणि २०१७ साली काश्मीरमध्ये पकडला गेला. मृत व्यक्तीच्या कुटुंबाने तो काळ कसा काढला असेल, याची कल्पना करवत नाही. परंतु तो बंदी तरुण होता. त्याच्या उदाहरणावरून सत्तरीच्या बंद्याविषयी अनुमान काढणे सदोष आहे. तसेच उलट, वृद्ध म्हणजे निरुपद्रवी हेही गृहीत धरता येत नाही. ज्याचा गुन्हा हुकूम देण्याचा होता, त्याला हात थरथरत असले तरी अडचण पडत नाही.

माझ्या मते निर्णय असा व्हावा. वय हा स्वतंत्र हक्क नसावा, पण फेरविचाराचा बंधनकारक प्रसंग असावा : ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि किमान शिक्षा भोगलेल्या प्रत्येक बंद्याचे प्रकरण ठरावीक काळाने तपासले जावे, मग त्याचा खून गाजलेला असो वा नसो. तपासणीत त्याची आजची शक्ती व संबंध, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, बाहेर त्याला सांभाळणारे कोणी आहे की नाही आणि मृताच्या कुटुंबाचे म्हणणे, या चार गोष्टी याव्यात. कुटुंबाला नकाराधिकार नसावा. परंतु सुटकेची वार्ता त्यांना वृत्तपत्रातून कळू नये. निर्णयाची कारणे लेखी, सुबोध मराठीत द्यावीत. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील अकरा दोषींना तेथील शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले आणि खटला मुंबईत चालला असल्याने तो अधिकार महाराष्ट्राचा होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. अधिकार कोणाचा आणि कारणे कोणती, हे स्पष्ट नसले म्हणजे दया ही कृपादृष्टी ठरते आणि न्यायाशी तिचा संबंध तुटतो.

'शिक्षा' हे मूळचे वेदांगाचे नाव. मराठीत त्याचा अर्थ दंड असा झाला, हिंदीत अध्ययन असा राहिला. दंडात शिकण्याचा अंश असतो असे आपण मानत असू, तर शिकलेल्याची परीक्षा कधी तरी घेतली पाहिजे. आणि परीक्षा घेतली तर अनुत्तीर्ण ठरविण्याचे धैर्यही हवे. अभिवचन बंद्याने द्यावयाचे असते, तसेच ते शासनानेही द्यावयाचे असते : त्याला, की त्याचा विचार नियमाने होईल, आणि मृताच्या आप्तांना, की तो विचार त्यांना वगळून होणार नाही.