हमसाया कोण? शेजाऱ्यांना विचारून निवाडा करणारे यंत्र

औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा होणार, ही गोष्ट आता आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर किरण, असे हे यंत्र असेल. दूर अवकाशात दोन अतिशय जड गोल एकमेकांवर आदळले की जी गुरुत्वीय लहर उठते, ती टिपण्याचे काम ते करील.

वर्गात आम्ही एवढे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मगर मॅडम, मशीन कू कैसा समजता, टक्कर किस की हुई?"

प्रश्न अगदी नेमका होता. लहर आली हे कळणे वेगळे आणि ती कोणाच्या टकरीची हे ओळखणे वेगळे. आम्ही उत्तर दिले, "शेजाऱ्यांना विचारून." मुले हसली. पण उत्तर गमतीचे नव्हते.

आकाशातली टक्कर आणि तिचे शेजारी

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील दोन लायगो यंत्रांनी आणि इटलीतील व्हर्गोने मिळून एका लहरीचा माग काढला. ती दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची होती, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरची. कृष्णविवरांच्या टकरीतून सहसा प्रकाश दिसत नाही, पण न्यूट्रॉन तारे आदळले तर प्रकाशही बाहेर पडू शकतो. त्या वेळी जगभरच्या सुमारे ७० वेधशाळांनी तो पाहिला. असा प्रकाश लवकर मावळतो. म्हणून लहर आल्यावर काही मिनिटांतच सांगावे लागते, "यात न्यूट्रॉन तारा आहे, दुर्बिणी वळवा," किंवा "इथे काही दिसणार नाही, रात्र वाया घालवू नका."

घाईत काढलेल्या वजनाच्या अंदाजात मात्र चूक राहते. यावर शास्त्रज्ञांनी एक उपाय केला. संगणकावर पुष्कळ कृत्रिम टकरी तयार केल्या. त्यांतल्या कशात न्यूट्रॉन तारा आहे आणि कशात नाही, हे आधीच माहीत होते. यंत्रणेने घाईत त्यांचा काय अंदाज बांधला, तेही नोंदवून ठेवले. आता नवी लहर आली की तिचा अंदाज या नोंदींशी ताडून पाहायचा आणि तिच्या सर्वांत जवळच्या नोंदी काढायच्या. समजा, जवळच्या दहांपैकी नऊ नोंदींत न्यूट्रॉन तारा होता, तर नव्या टकरीतही तो असण्याची शक्यता मोठी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या लायगो-व्हर्गोच्या तिसऱ्या निरीक्षण सत्रात ही शेजाऱ्यांची पद्धत प्रत्यक्ष वापरली गेली.

हळदीवर करून पाहा

ही पद्धत समजायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हळकुंड आणि गड्डा यांतला फरक इथे कोणत्याही घरातली अम्मी डोळे झाकून सांगेल. यंत्राला मात्र डोळेही नाहीत आणि हातही नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून आम्ही मुलांना चौकटीचा कागद दिला. आडव्या रेषेवर लांबी, उभ्या रेषेवर जाडी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये.

ओळखीचे चार नग मांडले. दोन हळकुंडे: लांबी ७ व जाडी २, लांबी ६ व जाडी २. दोन गड्डे: लांबी ४ व जाडी ४, लांबी ५ व जाडी ४. मग एक अनोळखी नग आला, लांबी ५ आणि जाडी ३. पट्टीने अंतरे मोजली. दुसरा गड्डा १ सेंटीमीटरवर. पहिला गड्डा आणि दुसरे हळकुंड दोन्ही सुमारे १.४ वर. पहिले हळकुंड सुमारे २.२ वर. जवळच्या तिघांचा कौल घेतला तर दोन गड्डे, एक हळकुंड. निवाडा: गड्डा. पट्टी नसेल तर पायथागोरसच्या सिद्धांताने हीच उत्तरे येतात. "हे गणित कुठे कामाला येते?" असे विचारणाऱ्यांना आम्ही आता हाच कागद दाखवतो.

ही कल्पना बरीच जुनी आहे. एव्हलिन फिक्स आणि जोसेफ हॉजेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात ती मांडली. १९६७ मध्ये थॉमस कव्हर आणि पीटर हार्ट यांनी सिद्ध केले की, उदाहरणे अमाप असतील तर फक्त एका सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचे ऐकले तरी होणाऱ्या चुका शक्य तितक्या उत्तम पद्धतीच्या चुकांच्या दुपटीहून जास्त होत नाहीत. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाने केलेल्या 'वेका' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत 'आयबीके' नावाने मिळते, आणि तिला ठेवले आहे 'लेझी' म्हणजे आळशी या गटात! कारण ती आधी काहीच शिकत नाही. सगळी उदाहरणे जशीच्या तशी साठवते आणि प्रश्न समोर आला की वही उघडते. असा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. उदाहरणे वाढली की वही जाड होते आणि उत्तराला वेळ लागतो, ही त्याची अडचण.

कागदावरची गडबड

दुसऱ्या दिवशी एका मुलीने वेगळाच कागद आणला. तिने पहिल्या गड्ड्यावर मुद्दाम 'हळकुंड' असे लिहिले होते. बाकी सर्व तेच. आता जवळच्या तिघांत दोन हळकुंडे आणि एक गड्डा झाला. निवाडा उलटला! अनोळखी नग तोच, पट्टी तीच. एका चुकीच्या चिठ्ठीने सगळा निकाल फिरवला.

दुसरी गडबड मापाची. आम्ही त्यात ग्रॅममध्ये वजन मिळवले. लांबीतला एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे १, पण वजनातला दहा ग्रॅमचा फरक म्हणजे १०. वजनाने लांबी-जाडीला दाबून टाकले आणि शेजारीच बदलले. म्हणून सर्व मापे आधी एका पातळीवर आणावी लागतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अंतर मोजण्याची जी रीत मांडली, ती मापांचा फैलाव आणि त्यांचे आपसातले नाते दोन्ही धरून चालते. जगभरच्या अशा सॉफ्टवेअरमध्ये ती आजही त्यांच्याच नावाने आहे.

माणसांचा निवाडा होतो तेव्हा

हळदीचा निकाल चुकला तर फार तर पोते बदलते. माणसाचा चुकला तर?

आमचा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. उधारी त्याने कधी बुडवली नाही. दुकानात नवे यंत्र घ्यायला त्याने मोबाइलवरून कर्ज मागितले. दोन मिनिटांत नकार आला. फोन केला तर पलीकडून उत्तर, "सिस्टीमने नाकारले." का, ते सांगायला कोणी नाही. तो आमच्याकडे आला तेव्हा पैशापेक्षा त्याला या गोष्टीचे वाईट वाटत होते की, आपले काय चुकले हेच त्याला कळले नव्हते.

आता विचार करा. अशा निवाड्यात पिनकोड हेही एक माप धरले, तर गल्लीतल्या दहा जणांनी थकवलेले हप्ते अकराव्याच्या खात्यावर येतात. त्याऐवजी वीजबिल वेळेवर भरणे, दुकानाची रोजची उलाढाल ही मापे धरली, तर त्याचे शेजारी दुसरेच निघतील. कदाचित पुण्यातला एखादा गॅरेजवाला, कदाचित नांदेडची एखादी शिलाईवाली. यंत्राचा शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा नव्हे. आपण निवडलेल्या मापांत जो जवळ येतो, तो शेजारी. आणि मापे निवडतो माणूस.

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. 'हम' म्हणजे एकच, 'साया' म्हणजे सावली. एका सावलीत राहणारा तो हमसाया. पिनकोडच्या सावलीत उभे करायचे की कष्टाच्या, हे ठरवणारा यंत्राच्या मागे बसलेला असतो. त्याला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला असला पाहिजे.

या आळशी पद्धतीचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडतो. ती आपले साक्षीदार दाखवू शकते. अमुक उत्तर का दिले, तर या या नोंदी जवळच्या होत्या म्हणून. अनेक गुंतागुंतीच्या यंत्रणांना हे इतके सरळ सांगता येत नाही. म्हणून जिथे आपला निवाडा संगणक करतो, तिथे घरातल्या तरुणांनी तीन गोष्टी विचारायला शिकावे. माझे कोणते शेजारी पाहिले? कोणत्या मापांनी? आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?

आम्ही गॅरेजवाल्याला हेच तीन प्रश्न लेखी लिहून दिले आणि अर्ज पुन्हा पाठवायला सांगितले. उत्तर अजून यायचे आहे. चिठ्ठी बदलणाऱ्या मुलीने मात्र चौकटीच्या कागदांची नवी वही मागितली आहे. आता तिला पाच शेजाऱ्यांचा कौल घेऊन पाहायचा आहे.