नितळ दिसतं, म्हणून निर्जंतुक?

जिममध्ये हातोहात फिरणारी तेलकट इंजेक्शनं ‘बाटली स्वच्छ दिसते’ एवढ्या भरवशावर टोचली जातात. हा भरवसा घातक आहे. जिवाणू साधारण १ मायक्रोमीटरचा. थेंबात हजारो असले, तरी तेल नितळच दिसेल.

तोंडावाटे पोटात गेलेल्या जंतूंना जठरातलं आम्ल तरी आडवं येतं. सुई मात्र त्वचेची तटबंदी भेदून थेट स्नायूत शिरते. म्हणून औषध कारखान्यात ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांची गाळणी किंवा कडक उष्णता वापरतात. चोरून माल भरणाऱ्याने गाळणी आणली, तरी मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन तिच्यातून निसटतं. ते उकळूनही जात नाही. काचेच्या बाटल्यांना त्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता द्यावी लागते. शरीरात गेलं, की हुडहुडी भरून ताप.

अर्थात, प्रत्येक दुखणं संसर्गाचं नसतं. तेल सावकाश शोषलं जातं, त्यातलं बेन्झिल अल्कोहोल झोंबतं, कधी औषधाचे स्फटिक स्नायूतच साचतात. हे दुखणं सहसा दिवसागणिक ओसरतं. वाढती लाली, गरम लागणारी गाठ, ताप ही मात्र गळवाची लक्षणं.

मला काळजी वाटते ती लाजेपोटी गप्प बसणाऱ्या पोरांची. क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद सुईवाटे शिरून कित्येक आठवड्यांनी गाठ आणतात. नेहमीची प्रतिजैविकं त्यांच्यावर चालत नाहीत, उपचार महिनोन्‌महिने चालतात. काय टोचलं होतं हे डॉक्टरांना सांगितलं, तरच त्यांना योग्य तपासणी सुचते.