‘पीसीबी गेला’ म्हणण्याआधी

घरातली यंत्रं : भाग ९

मागच्या भागात आपण डिशवॉशरच्या तळाची जाळी काढून तिच्यात साठलेली जिऱ्या-मोहरीची रास धुतली. आज वळू या बटणांच्या पट्टीकडे. ती रुसली की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘पॅनल गेलं वाटतं.’

आमच्याकडे हे गेल्या श्रावणात झालं. पुरणावरणाचा स्वयंपाक, बारा पानं उठलेली, मशिन ठासून भरलेलं. दिवे लागले, प्रोग्रॅमही निवडला गेला, पण स्टार्ट दाबलं की नुसता दिवा लुकलुकायचा. मेकॅनिकनं फोनवरच निकाल दिला, “पीसीबी गेला. नवाच टाकावा लागेल.” शेजारी वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, दार लावताना रोज टक् वाजतं ना? आज वाजलंच नाही.” बघितलं तर खालच्या जाळीतून उलथन्याचा दांडा बाहेर आलेला. तो आत सारला, टक् झालं, मशिन सुरू.

यात पॅनलचा काय दोष? बटण दाबून आपण खरं तर एक अर्ज करत असतो. बटणाकडचं काम अगदी कमी, साधारण पाच व्होल्टच्या विजेवर चालतं. तिथून एक चपटी फीत अर्ज घेऊन पीसीबीकडे, म्हणजे मुख्य कार्डाकडे जाते. कार्ड दाराच्या स्विचला विचारतं, ‘दार लागलंय का?’ होकार आला तरच कार्डावरचे रिले जुळतात आणि २३० व्होल्टची वीज मोटरला, हीटरला मिळते. आपल्याला दिसतं फक्त पहिलं टेबल. अर्ज अडकलेला असतो कुठल्या तरी पुढच्या टेबलावर.

म्हणून आधी लक्षण नीट बघा.

पॅनलवर पूर्ण काळोख असेल, तर भिंतीपासून सुरुवात करा. एमसीबी पडलाय का? त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण चालतंय का? डिशवॉशरचा हीटर बऱ्याचदा दोन हजार वॅटच्या आसपास असतो, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवला, तर पिना काळवंडतात आणि दोष पॅनलवर येतो. गळती ओळखणारा आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो सारखा वर करत बसू नका. प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दिवे लागतात पण मशिन सुरू होत नाही, तेव्हा संशयित तीन. पहिला चाइल्ड लॉक. किल्लीचं चित्र दिसत असेल, तर ते बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. नेमकी पद्धत पुस्तिकेत असते. दुसरा, ‘उशिरा सुरू’ची सोय. ओटा पुसता पुसता हात लागून ती चालू होते आणि मशिन मुकाट्यानं वेळेची वाट बघत राहतं. तिसरा अर्थातच दार.

काही बटणं चालतात, काही चालत नाहीत, किंवा कोणी हात न लावता पिक्‌पिक्‌ होतं, तर बहुधा ओल हे कारण. टचचं पॅनल बोटाजवळचा विद्युतभार ओळखतं. त्यावर पाण्याचा थर असला की बोट कुठलं आणि पाणी कुठलं, हे त्याला कळेनासं होतं. पॅनलवर फवारा मारू नका; जेमतेम ओल्या कापडानं तेलकटपणा काढा, मग कोरड्यानं पुसा. प्रोग्रॅम संपल्या संपल्या दार उघडलं, की वाफेचा लोट थेट पट्टीवर येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा. पावसाळ्यात तर हे पथ्यच समजा.

यानंतर रिसेट. पट्टीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण कार्ड तरीही अर्धवट जागं असतं. भिंतीवरचा स्विच दहा मिनिटं बंद ठेवा. कार्डातली साठलेली वीज ओसरते आणि गोंधळलेलं कार्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एवढं करूनही अर्ज अडलेलाच असेल, तर मशिन उघडायची वेळ आली. वॉरंटी चालू असेल, तर स्क्रूला हात लावू नका. ती संपली असली, तरी उघडण्याआधी प्लग काढायचाच. आणि कार्डाला बोट लावायचं नाही, कारण कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतात. फक्त बघा. फीत खोबणीतून सटकली आहे का? बिजागरीपाशी वायर तुटली आहे का? प्रत्येक वेळी दार उघडताना ती वाकते, म्हणून दार थोडं हलवलं की दिवे येत-जात असतील, तर तिच्यावरच संशय घ्या. फुगलेला कपॅसिटर, करपलेला डाग आणि ऊब शोधत आलेल्या झुरळांच्या खुणाही डोळ्यांना दिसतात. या सगळ्याचा फोटो काढून ठेवा.

मेकॅनिक आला की त्याला दोनच गोष्टी विचारा : “फीत आणि दाराचा स्विच मीटर लावून बघितलात का? जुनं कार्ड मला परत मिळेल ना?” कार्ड खरंच गेलेलं असलं, तरी अनेकदा त्यातला एखादाच रिले किंवा कपॅसिटर गेलेला असतो. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड अशा सुट्या भागांसाठीच ओळखला जातो. जाणता कारागीर भेटला, तर नवं कार्ड घ्यावं लागत नाही.

आमच्या सासूबाई अजूनही डिशवॉशरला ‘ते कपाट’ म्हणतात. पण रात्री दार लावलं की आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येतो, “वाजलं गं!”

(पुढच्या भागात : कपडे पिळताना वॉशिंग मशिन चालत का सुटतं?)