कोर्टाबाहेरचा जॉर्डन

आसनगावहून सकाळी कल्याणकडे निघणाऱ्या लोकलमध्ये कॉलेजच्या पोरांच्या पायांत घोट्यापर्यंत चढणारा लाल-काळा ‘जॉर्डन’ दिसतो. त्यातले बहुतेक ‘फर्स्ट कॉपी’ असतात आणि घालणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. शहापूर-मुरबाड हा कबड्डीचा आणि टेनिस बॉल क्रिकेटचा मुलूख. बास्केटबॉलशी इथल्या बहुतेकांचा कधी संबंधच आलेला नाही, तरी त्या खेळासाठी बनवलेला बूट इथे ऐटीत मिरवला जातो. खेळ आवडला म्हणून बूट आवडला, हे स्पष्टीकरण इथेच गळून पडतं. बास्केटबॉलच्या बुटांची खरी चलती सुरू झाली ती त्यांनी कोर्ट सोडल्यावर.

कॉन्व्हर्सचा ‘ऑल स्टार’ पाहा. हा कापडी बूट 1917 सालचा. घोट्यावरच्या गोल शिक्क्यात सही आहे ती चक टेलरची. हा गडी आधी खेळाडू, मग विक्रेता. गावोगाव बास्केटबॉलची शिबिरं घेत तो बूट खपवायचा. सत्तरच्या दशकात चामडी बुटांनी ‘ऑल स्टार’ला कोर्टावरून हुसकावलं, तेव्हा रॉक गाणाऱ्यांनी तो उचलला आणि खेळाडूंनी टाकलेला बूट फॅशन झाला. ‘एअर जॉर्डन’ची कथा याहून चलाख. नायकेने 1984 मध्ये मायकेल जॉर्डन या नवख्या खेळाडूशी करार केला. पीटर मूरने काढलेल्या बुटावर घोट्यापाशी पंख फुटलेला चेंडू होता. फेब्रुवारी 1985 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने पत्र पाठवून जॉर्डनच्या काळ्या-लाल बुटांना हरकत घेतली. कंपनीने त्या हरकतीचीच जाहिरात केली: लीगने बूट बाहेर काढला, पण तुम्हाला कोण अडवणार? गंमत म्हणजे, हरकत ज्यावर होती तो बूट बहुधा ‘एअर शिप’ नावाचा आधीचा जोड होता. पण 65 डॉलर मोजणाऱ्याला त्याचं काय? त्याने बंडखोरी विकत घेतली होती. जॉर्डनने 1985 मध्ये सामन्यात घातलेला सहीचा जोड 2020 मध्ये सदबीजच्या लिलावात 5,60,000 डॉलरला गेला.

म्हणजे सगळी जाहिरातीची किमया, असं कोणी म्हणेल. मग आदिदासच्या ‘सुपरस्टार’चं काय करायचं? तोही बास्केटबॉलचाच बूट. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचं रन-डीएमसी हे हिप-हॉप त्रिकूट तो बिनलेसचा घालायचं. 1986 मध्ये त्यांनी त्यावर गाणं केलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी सांगताच श्रोत्यांनी आपापले बूट हातात धरून उंचावले. आदिदासचा करार झाला तो त्यानंतर. आधी वस्ती होती, कंपनी मागून आली. पुढे हिप-हॉप जिथे पोचलं तिथे बूटही पोचला. पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेला रॅपर एमसी स्टॅन 2023 मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हा त्याच्या गाण्यांइतकीच त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा झाली.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: हातावर पोट असलेल्या घरात ही थेरं कशाला? पायातली वहाण पायातच बरी! खर्चाचा मुद्दा रास्त आहे, आणि फर्स्ट कॉपी म्हणजे दुसऱ्याच्या डिझाइनवर डल्ला, हेही खरं. पण याच महाराष्ट्रात सवर्णांच्या दारावरून जाताना दलितांना पायताण काढून हातात घ्यावं लागत होतं. पायात काय असावं, मुळात काही असावं का, हे जिथे जात ठरवायची, तिथे नवाकोरा बूट घालून चारचौघांत ताठ चालण्याला निव्वळ अमेरिकेची नक्कल म्हणणं उथळपणाचं आहे. ऐट अस्सल आहे. उसनी आहे ती तिच्यामागची गोष्ट, आणि ते मात्र खटकतं. कबड्डी मातीत अनवाणी खेळली जायची. प्रो कबड्डीने 2014 पासून बूट घातलेले, मॅटवर झेपावणारे खेळाडू घराघरांत पोचवले. त्यांतल्या कित्येकांची गोष्ट जॉर्डनइतकीच सांगण्याजोगी आहे, पण त्यांच्या नावाचा बूट लग्नाला घालून जायची रीत काही पडलेली नाही. एखाद्या देशी कंपनीने तो परवडेल अशा किमतीत काढून पाहावा. शहापूर-मुरबाडात गिऱ्हाईक कमी पडणार नाही.